आधारोल्लेखांची गणना आणि संशोधकाची योग्यता

प्राचीन ग्रंथकाराचा काल ठरवितांना आपण काय करतों, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. अमुक ग्रंथाचा उल्लेख पुढें कोणीं केला आणि त्या ग्रंथांत पूर्वीच्या कोणाचा उल्लेख आला, हें पाहून आपण कालाच्या दोन मर्यादा बांधतों. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं अनेक संस्कृत ग्रंथकारांचे काल याच मार्गानें उजेडांत आणले. आतां हेंच साधन हयात शास्त्रज्ञांस लाविलें जात आहे. परंतु कालनिर्णयासाठीं नव्हे, तर योग्यतानिर्णयासाठीं. आमचा एक जुना विद्यार्थी रसायनशास्त्राचा अध्यापक आहे. त्याची बढती अशाच एका आंकड्यावर अडली असून, हा आंकडा आपली योग्यता खरोखर सांगतो काय, असें त्यानें आम्हांस विचारिलें. त्यानिमित्तानें हा विचार येथें मांडीत आहों.

या पद्धतीचा उगम कायद्याच्या क्षेत्रांत आहे. अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत फ्रँक शेपर्ड यानें १८७३ सालीं न्यायनिर्णयांची एक सूची काढिली. एखाद्या निर्णयाचा आधार पुढें कोठें कोठें घेतला गेला, हें तींत पाहतां येई. वकिलास उल्लेखांची बेरीज नको होती. तो निर्णय अद्याप प्रमाण आहे कीं पुढें फिरविला गेला, एवढेंच त्यास हवें होतें. याच धर्तीवर शास्त्रीय निबंधांची सूची करावी, असें यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत सुचविलें, आणि १९६४ सालीं फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेनें ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. एका निबंधावरून त्याच विषयाच्या पुढील निबंधांकडे जातां यावें, हा तिचा मूळ हेतु. मोजदाद मागाहून आली.

२००५ सालीं कॅलिफोर्नियांतील पदार्थविज्ञानवेत्ते होर्हे हर्श यांनीं ‘एच-निर्देशांक’ सुचविला. त्याची रीत अशी: संशोधकाचे निबंध उल्लेखसंख्येच्या उतरत्या क्रमानें मांडावे. ज्या शेवटल्या अनुक्रमांकाच्या निबंधास निदान तितकेच उल्लेख मिळाले असतील, तो अनुक्रमांक म्हणजे निर्देशांक. समजा, सहा निबंधांस ४०, १२, ७, ५, ३ व १ असे उल्लेख आहेत. चौथ्यास ५ आहेत, पांचव्यास मात्र ३. म्हणून निर्देशांक ४. दुसऱ्या संशोधकाचे उल्लेख ९, ८, ७, ६, ६ व ५ असल्यास त्याचा निर्देशांक ५ होतो. पहिल्याची बेरीज ६८ व दुसऱ्याची ४१ असूनही दुसरा वरचढ ठरतो. एकाच गाजलेल्या निबंधानें सर्व भार वाहूं नये, ही यांतील युक्ति.

युक्ति चांगली आहे. पण संस्कृत ग्रंथांशीं परिचय असणाऱ्यास तिच्यांतील उणिवा लागलीच दिसतील. मल्लिनाथाच्या टीका वाचणाऱ्यास ‘इत्यमरः’ हे शब्द पदोपदीं भेटतात. त्यावरून अमरसिंह कालिदासाहून थोर ठरत नाहीं. कोश हें नित्य हाताशीं लागणारें साधन आहे, इतकेंच ठरतें. विज्ञानांतही तसेंच. ऑलिव्हर लौरी व त्यांचे सहकारी यांचा १९५१ चा निबंध प्रथिनांचें प्रमाण मोजण्याच्या एका रीतीविषयीं आहे. २०१४ सालच्या एका गणनेंत तीन लाखांहून अधिक उल्लेखांसह तोच सर्वांत वर होता.

दुसरी गोष्ट पूर्वपक्षाची. चार्वाकमताचे उल्लेख दर्शनग्रंथांत विपुल आहेत, पण ते बहुशः खंडनासाठीं. गणनेंत मंडन आणि खंडन यांचें मोल एकच. तिसरी गोष्ट स्वोल्लेखाची. ‘रसगंगाधरां’त उदाहरणें स्वतःचींच देण्याची प्रतिज्ञा जगन्नाथ पंडितानें उघडपणें केली आहे, तिच्यांत फसवणूक नाहीं. आजच्या मोजणींत मात्र स्वतःचे उल्लेख निराळे न काढल्यास आंकडा आपोआप फुगतो.

चौथी गोष्ट सहकार्याची. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ सालच्या एका निबंधास ५,१५४ लेखक होते. त्याच्या ३३ पानांपैकीं २४ पानें केवळ नांवें व संस्था यांनीं व्यापिलीं. त्याचा प्रत्येक उल्लेख या सर्वांच्या खातीं पुरा जमा होतो. सहकार्याचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम पुण्यांत १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललें व त्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें पाहण्यांत आलीं. एकट्याच्यानें तें झालें नसतें. पण कोणाचा वांटा किती, हें बेरजेवरून कळत नाहीं.

शेवटीं मौनाचा प्रश्न. ग्रेगोर मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ सालीं छापला गेला, आणि त्याचें महत्त्व १९०० सालीं ओळखलें गेलें. मधल्या चौतीस वर्षांत कोणी मोजमाप केलें असतें, तर हाताशीं जवळजवळ शून्यच लागतें.

सारांश, उल्लेख हा संबंधाचा पुरावा आहे, योग्यतेचा नव्हे. नियतकालिकाच्या आंकड्यावरून संशोधकाची पारख करूं नये, असें सान फ्रान्सिस्को येथील २०१२ च्या बैठकींतून निघालेलें जाहीरपत्रकही सांगतें. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं इतकेंच सुचविलें कीं, आपले उत्तम तीन निबंध निवडावे, त्यांवर पुढें कोणीं काय रचिलें तें टिपून समितीपुढें ठेवावें, व ते वाचले जावेत असा आग्रह धरावा.

वाचकांसही एक विनंती आहे. ज्याच्या दप्तरांतून पोथी मिळाली व ज्याच्या सूचीवरून तिचा पत्ता लागला, त्यांचीं नांवें आपल्या लेखांत अवश्य द्यावींत. सूचीकाराचे श्रम सर्वांच्या उपयोगीं पडतात आणि बहुधा कोणाच्याच टीपेंत येत नाहींत. जें कोणी लिहिलेंच नाहीं, तें पुढच्या संशोधकानें मोजावें कसें?