चीनमधील चैनीचा उपभोग व सामाजिक प्रतिष्ठा

नामांकित कंपन्यांच्या हँडबॅगा, मनगटी घड्याळे, दागिने, मोटारी, उंची मद्य इत्यादी चैनीच्या वस्तूंवर चीनमधील सधन वर्ग करीत असलेला खर्च आणि त्यातून मिळणारी अथवा गमावली जाणारी सामाजिक प्रतिष्ठा हा अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मानवशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या अभ्यासाचा विषय आहे. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेच्या अंदाजानुसार २०१८ साली चिनी ग्राहकांनी देशात व परदेशात मिळून अशा वस्तूंवर सुमारे ७७० अब्ज युआन खर्च केले. जगातील एकूण खरेदीच्या ते जवळजवळ एक तृतीयांश होते.

या खर्चाचे वर्णन ‘श्रीमंतीचे प्रदर्शन’ एवढ्यावरच थांबविणे अपुरे ठरते. चिनी समाजात महागड्या वस्तूचे मोल ती कोणाजवळ आहे यापेक्षा ती पाहून कोण कोणाला मान देतो यावर अधिक अवलंबून असते. हा मान कुटुंबीय, पाहुणे, व्यवसायातील संबंधित आणि अखेरीस शासन यांच्याकडून मिळतो व त्यांच्याकडून काढूनही घेतला जातो. त्यामुळे संपत्ती मिरविणे ही गोष्ट तेथे जितकी प्रतिष्ठेची, तितकीच जोखमीचीही राहिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पारंपरिक चिनी विचारात समाजाचे विद्वान-अधिकारी, शेतकरी, कारागीर व व्यापारी असे चार वर्ग मानले जात आणि त्यांत व्यापाऱ्याचे स्थान सर्वांत खालचे असे. धन आणि प्रतिष्ठा यांची अशी फारकत असल्याने कोणी काय ल्यावे, कसे घर बांधावे, यांवर राज्यसंस्थेचे निर्बंध असत. मिंग राजवटीच्या (१३६८–१६४४) प्रारंभी व्यापारी कुटुंबांना उंची रेशमी वस्त्रे वापरण्यास मनाई करण्यात आली होती. अधिकाऱ्यांच्या अंगरख्यावर छातीशी व पाठीवर चौकोनी भरतकाम असे व त्यातील प्राण्या-पक्ष्यावरून त्यांची श्रेणी ओळखता येई. प्रथम श्रेणीच्या मुलकी अधिकाऱ्यास क्रौंच पक्ष्याचे चिन्ह होते.

उत्तर मिंग काळात व्यापार वाढला, श्रीमंत व्यापाऱ्यांनी हे निर्बंध झुगारले आणि पूर्वी विद्वानांच्या घरीच दिसणारी चित्रे, शाईच्या शिळा, प्राचीन कांस्यपात्रे बाजारात विकत मिळू लागली. तेव्हा वेन झेनहेंग या विद्वानाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा ‘अनावश्यक वस्तूं’विषयी ग्रंथ लिहून त्यांत सुरुचिपूर्ण कोणते व ग्राम्य कोणते हे ठरवून दिले. क्रेग क्लुनास या कलेतिहासकाराने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या ग्रंथाकडे नवश्रीमंतांपासून आपले वेगळेपण राखण्याचा अभिजनांचा प्रयत्न म्हणून पाहिले आहे. जे पैशाने घेता येते त्याला अभिरुचीची अट घालण्याची ही रीत आजच्या चीनमध्येही दिसते.

मियान्झी आणि लियान

या विषयाच्या केंद्रस्थानी ‘मियान्झी’ ही संकल्पना आहे. शब्दशः अर्थ ‘चेहरा’ असला तरी मराठीतील आब, पत, लौकिक या शब्दांच्या छटा तीत एकवटलेल्या आहेत. मानवशास्त्रज्ञ हू शियेन-चिन यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चेहऱ्यासाठी चिनी भाषेत असलेल्या दोन शब्दांमधील भेद स्पष्ट केला. ‘लियान’ म्हणजे सचोटीच्या माणसाला समाजाकडून मिळणारा नैतिक आदर होय. ‘मियान्झी’ म्हणजे यश, पद, संपत्ती व डौल यांतून कमावलेली प्रतिष्ठा होय. दुसरी वाढविता येते, उसनी घेता येते, दुसऱ्याला देताही येते. पहिली एकदा गेली की माणसाला समाजात उभे राहणे कठीण होते. लेखक लू शुन यांनीही १९३४ साली मियान्झीवर उपरोधिक निबंध लिहिला होता.

मियान्झी एकट्या व्यक्तीची नसते. मुलाच्या लग्नातील मेजवानी, आईवडिलांना घेऊन दिलेले घर, पाहुण्यापुढे उघडलेली मद्याची बाटली यांतून साऱ्या कुटुंबाची पत ठरते. नॅन्सी वाँग व अ‍ॅरन अहुविया या संशोधकांनी १९९८ साली असे प्रतिपादन केले, की पाश्चात्त्य व कन्फ्यूशियसप्रणीत समाजांतील ग्राहक त्याच वस्तू विकत घेत असले तरी त्यामागील कारणे निराळी असू शकतात. पाश्चात्त्य समाजात व्यक्तिगत आवड व आनंद यांना जे महत्त्व असते, ते कन्फ्यूशियसप्रणीत समाजात कुटुंबाच्या प्रतिष्ठेला व समूहातील स्थानाला असते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली मांडलेली दिखाऊ उपभोगाची कल्पना चीनला लावताना म्हणूनच काळजी घ्यावी लागते. साधेपणाने राहू इच्छिणारी व्यक्तीही यजमान म्हणून महागडी वस्तू मांडते, कारण तसे न केल्यास पाहुण्याचा अवमान झाला असे मानले जाते.

माओ काळ ते आर्थिक सुधारणा

माओ त्से-तुंग यांच्या काळात खाजगी संपत्तीचे प्रदर्शन हा राजकीय अपराध ठरू शकत होता. तरीही वस्तूंवरून दर्जा ठरविण्याची पद्धत नाहीशी झाली नाही. लग्नाच्या वेळी वराकडून ‘तीन फिरणाऱ्या व एक वाजणारी’ अशा चार वस्तूंची अपेक्षा असे. सायकल, शिवणयंत्र व मनगटी घड्याळ या तीन फिरणाऱ्या, तर रेडिओ ही वाजणारी वस्तू होती. त्या घेण्यासाठी पैशांखेरीज सरकारी कूपनही लागत असे. १९८० नंतरच्या दशकात त्यांची जागा दूरचित्रवाणी संच, शीतकपाट व कपडे धुण्याचे यंत्र यांनी घेतली.

डेंग झ्याओपिंग यांच्या नेतृत्वाखाली १९७८ साली आर्थिक सुधारणांना प्रारंभ झाला. फ्रेंच वेशभूषाकार पिएर कार्दँ यांनी १९७९ साली बीजिंगमध्ये फॅशन शो केला. १९९२ साली लुई व्हितॉं या कंपनीने बीजिंगमधील एका हॉटेलात आपले चीनमधील पहिले दुकान उघडले. १९९९ पासून चीनमधील श्रीमंतांची ‘हुरुन यादी’ प्रसिद्ध होऊ लागली. मात्र यादीत झळकलेल्या काही उद्योगपतींवर पुढे खटले भरले गेल्याने लोकांनी तिला ‘डुकरे मारण्याची यादी’ असे उपरोधिक नाव दिले. धष्टपुष्ट डुक्कर आधी कापले जाते आणि नावारूपाला आलेला माणूस आधी अडचणीत येतो, अशा आशयाची म्हण चिनी भाषेत आहे.

भेटवस्तू आणि ग्वानशी

चीनमध्ये चैनीच्या वस्तूंची मोठी खरेदी स्वतःसाठी नव्हे, तर भेट देण्यासाठी होत आली आहे. परस्पर उपकार व विश्वास यांवर उभ्या असलेल्या संबंधांच्या जाळ्याला ‘ग्वानशी’ म्हणतात. वसंतोत्सव व मध्यशरद उत्सव या सणांना दिल्या जाणाऱ्या भेटींनी हे जाळे सांभाळले जाते. भेट स्वीकारणाऱ्यावर परतफेडीचे बंधन येते. म्हणून तिची किंमत दोघांनाही ठाऊक असणे सोयीचे असते. सर्वांना ओळखू येणाऱ्या नाममुद्रेची उपयुक्तता येथे दिसते.

क्वेइचौ प्रांतातील माओताई या गावी ज्वारीपासून गाळले जाणारे ‘माओताई’ मद्य हे याचे ठळक उदाहरण होय. सरकारी मेजवान्यांत ते मानाचे पेय मानले जाते. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या स्वागताच्या मेजवानीतही ते होते. त्याच्या अर्धा लिटरच्या प्रसिद्ध बाटलीची अधिकृत किंमत अनेक वर्षे १,४९९ युआन होती, परंतु मागणीमुळे खुल्या बाजारात ती बऱ्याचदा याहून कितीतरी अधिक दराने विकली गेली. अनेकांनी ती न उघडता गुंतवणूक म्हणून साठवून ठेवली.

मोटारींच्या बाबतीतही असाच स्थानिक आचार आढळतो. जर्मन कंपन्या चीनसाठी आपल्या मोटारींच्या अधिक लांब आवृत्त्या बनवितात, कारण प्रतिष्ठित मालक चालक ठेवून मागील आसनावर बसतो. काळ्या रंगाची ऑडी ही दीर्घकाळ सरकारी अधिकाऱ्याची खूण समजली जाई.

भ्रष्टाचारविरोधी मोहीम

भेट आणि लाच यांतील सीमारेषा पुसट असल्याने चैनीची वस्तू हा भ्रष्टाचाराचा पुरावाही ठरू लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये शेन्शी प्रांतात ३६ जणांचा बळी घेणारा बस अपघात झाला. घटनास्थळी हसताना दिसलेले यांग दाचाय हे प्रांतीय अधिकारी टीकेचे धनी झाले. जालावरील लोकांनी त्यांची जुनी छायाचित्रे शोधून त्यांच्या मनगटावरील निरनिराळी महागडी घड्याळे ओळखून काढली. २०१३ साली भ्रष्टाचारप्रकरणी त्यांना १४ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

शी जिनपिंग हे पक्षाचे सरचिटणीस झाल्यावर डिसेंबर २०१२ मध्ये साम्यवादी पक्षाने मेजवान्या, स्वागतसमारंभ व सरकारी उधळपट्टी यांना आळा घालणारे आठ नियम जारी केले. त्यानंतर घड्याळे व उंची मद्य यांची मागणी घसरली. याच सुमारास मोठ्या शहरांतील जुन्या सधन वर्गाने ठळक बोधचिन्हांच्या वस्तूंकडे पाठ फिरविण्यास सुरुवात केली. पैसा आहे पण रुची नाही अशा नवश्रीमंतासाठी ‘तूहाव’ हा जुना शब्द २०१३ साली नव्या उपहासात्मक अर्थाने प्रचारात आला.

ग्राहकवर्ग व खरेदीची स्थाने

चीनमधील चैनीच्या वस्तूंचा ग्राहक पाश्चात्त्य देशांतील ग्राहकाच्या तुलनेने तरुण आहे. सुमारे १९८० ते २०१५ या काळातील एक-अपत्य धोरणामुळे अनेक शहरी तरुणांच्या पाठीशी आईवडील व दोन्हीकडील आजी-आजोबा असे सहा जणांचे आर्थिक बळ उभे असते. चिनी भाषेत यास ‘सहा पाकिटे’ म्हणतात. श्रीमंतांच्या दुसऱ्या पिढीला ‘फू अर दाय’ असे नाव असून त्यात बहुधा नापसंतीचा सूर असतो.

आयात शुल्क व अन्य करांमुळे एकच वस्तू पॅरिसपेक्षा शांघायमध्ये बरीच महाग पडत असे. त्यामुळे हाँगकाँग, युरोप, जपान व दक्षिण कोरिया येथे जाऊन खरेदी करण्याची प्रथा रुळली. परदेशातून इतरांसाठी वस्तू विकत आणून देणाऱ्यांना ‘दायगौ’ म्हणतात. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या ई-व्यापार कायद्याने त्यांच्यावर नोंदणीचे व कराचे बंधन आले. खर्च देशातच व्हावा म्हणून हायनान बेटावरील करमुक्त खरेदीची वार्षिक मर्यादा जुलै २०२० मध्ये ३०,००० वरून १,००,००० युआन करण्यात आली.

बनावट वस्तूंचा बाजार ही या उपभोगाची दुसरी बाजू होय. बीजिंगमधील ‘सिल्क स्ट्रीट’ बाजाराविरुद्ध पाच युरोपीय कंपन्यांनी दाखल केलेल्या दाव्याचा निकाल २००५-०६ मध्ये कंपन्यांच्या बाजूने लागला. नक्कल करण्याचे तंत्र जसे सुधारले, तशी केवळ वस्तू बाळगणे ही श्रीमंतीची खात्रीलायक खूण उरली नाही. परदेशी शिक्षण, प्रवास, कलासंग्रह यांसारख्या ज्यांची सहज नक्कल होत नाही अशा गोष्टींना त्यामुळे महत्त्व आले.

देशी वस्तूंची प्रतिष्ठा

परदेशी वस्तू म्हणजे श्रेष्ठ वस्तू हे समीकरण २०१० नंतरच्या दशकात सैल झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये डोल्चे अँड गबाना या इटालियन कंपनीच्या जाहिरातीत चिनी तरुणीची चेष्टा झाल्याची भावना पसरली आणि कंपनीला शांघायमधील आपला भव्य कार्यक्रम रद्द करावा लागला. पारंपरिक नक्षी व स्वदेशी नाममुद्रा यांच्या या लाटेस ‘ग्वोचाव’ म्हणतात. प्राचीन घडणीचे सोन्याचे दागिने बनविणारी लाओपू गोल्ड ही कंपनी जून २०२४ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदविली गेली.

हिऱ्यांऐवजी सोन्याकडे वळलेल्या या कलाचा संबंध भारताशीही पोहोचतो. चीन व अमेरिका येथील मागणी मंदावल्याचा फटका सुरत येथील पैलू पाडणारे कारागीर आणि मुंबईतील भारत डायमंड बोर्समधील व्यापारी यांना बसला.

विषमता व टीका

मे २०२० मध्ये तत्कालीन पंतप्रधान ली खछ्यांग यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की देशातील सुमारे ६० कोटी लोकांचे मासिक उत्पन्न जेमतेम १,००० युआन आहे. माओताईच्या एका बाटलीच्या अधिकृत किमतीपेक्षाही हे कमी आहे. या विषमतेमुळे चैनीचा उपभोग हा केवळ बाजारपेठेचा प्रश्न राहत नाही. सधनांनी ठरविलेले प्रतिष्ठेचे मापदंड खालच्या थरांत झिरपतात व तेथे ते कर्जाच्या रूपाने भरावे लागतात. ग्रामीण भागात वराकडून वधूच्या कुटुंबास द्यावयाची ‘छायली’ ही रक्कम, लग्नाआधी घर व मोटार घेण्याची अपेक्षा आणि भपकेदार मेजवान्या ही याची उदाहरणे होत. न दिल्यास मियान्झी जाते आणि दिल्यास वर्षानुवर्षांची बचत जाते, अशा कोंडीत अल्प उत्पन्नाची कुटुंबे सापडतात. वाढत्या छायलीविरुद्ध शासनाने मोहिमाही हाती घेतल्या आहेत.

ऑगस्ट २०२१ मध्ये शी जिनपिंग यांनी ‘सामायिक समृद्धी’च्या उद्दिष्टावर भर देताना अवाजवी उत्पन्नाच्या नियमनाचा उल्लेख केला. २०२४ साली शासनाने समाजमाध्यमांवरील संपत्तीच्या प्रदर्शनाविरुद्ध मोहीम हाती घेतली आणि महागडे कपडे, दागिने व घरे मिरविणाऱ्या काही प्रसिद्ध व्यक्तींची खाती बंद झाली. बेन अँड कंपनीच्या अंदाजानुसार त्याच वर्षी चीनच्या मुख्य भूमीवरील चैनीच्या वस्तूंची बाजारपेठ १८ ते २० टक्क्यांनी आकुंचन पावली. घरांच्या किमतींतील घसरण, भविष्याविषयीची अनिश्चितता आणि जपानसारख्या देशांत स्वस्तात होणारी खरेदी ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. याशिवाय, इतर जण अडचणीत असताना आपली श्रीमंती दाखविणे अशोभनीय वाटू लागल्याचे निरीक्षणही अभ्यासकांनी नोंदविले आहे. हू शियेन-चिन यांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर अशा वेळी मियान्झी वाढविण्याच्या नादात लियान गमावण्याचे भय निर्माण होते.