मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण : वैद्याने कोणते निवडावे?

गेल्या काही महिन्यांत आपल्या जिल्ह्यातील व्यवसायबंधू-भगिनींकडून एक प्रश्न वारंवार विचारला जात आहे. मानसिक प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाची पत्रके दवाखान्यात येतात, भ्रमणध्वनीवर संदेश येतात. कोणी दोन तासांत प्रमाणपत्र देऊ करतो, कोणी दोन दिवसांत. यांपैकी कोणते घ्यावे? मी अशी दोन प्रशिक्षणे घेतली आहेत. पहिले सर्वस्वी निरुपयोगी ठरले, दुसऱ्याने माझी रुग्ण तपासण्याची पद्धत बदलली. त्या अनुभवाच्या आधारे निवडीचे काही निकष प्रस्तुत लेखात मांडत आहे. मात्र मुळात या प्रशिक्षणाची गरज मला का वाटली, हे आधी सांगणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास अवकाळी पाऊस होऊन बांधीत पडलेल्या धानाच्या कडपा भिजल्या होत्या. त्या आठवड्यात पन्नाशीचे एक शेतकरी दवाखान्यात आले. “मॅडम, झोप येत नाही जी. अन्न गोड लागत नाही.” मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, अग्नी, कोष्ठ, मलप्रवृत्ती यांविषयी सविस्तर विचारले. वातप्रकोप व अग्निमांद्य असे निदान करून ब्राह्मी-जटामांसीयुक्त औषधे दिली, रात्री पादाभ्यंग सांगितला. दारापर्यंत जाऊन ते परत वळले, क्षणभर थांबले आणि औषध किती दिवस घ्यायचे एवढेच विचारून निघून गेले. आठव्या दिवशी त्यांनी धानावर फवारायचे कीटकनाशक प्राशन केले. घरच्यांनी तातडीने गोंदियाला नेल्यामुळे प्राण वाचले. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा म्हणाले, “त्या दिवशी सांगाचंच होतं जी. तुम्ही पोटाचं विचारलं, झोपेचं विचारलं. मनात काय आहे, ते नाही विचारलं.”

दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षेचा स्वतंत्र निर्देश आहे. विद्यार्थिदशेत तो मी उत्तरपत्रिकेत अचूक लिहिला होता. दवाखान्यात मात्र त्या दिवशी तपासला नाही. हा दोष शास्त्राचा नसून माझा होता.

प्रथमोपचार म्हणजे काय आणि काय नव्हे

अस्थिभंग झालेल्या रुग्णास शल्यचिकित्सकाकडे नेईपर्यंत आधार देणे हा जसा प्रथमोपचार, तसाच मानसिक संकटात सापडलेल्या व्यक्तीस योग्य उपचार मिळेपर्यंत दिलेली मदत म्हणजे मानसिक प्रथमोपचार. या नावाचा अभ्यासक्रम 2000 साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर व अँथनी जॉर्म यांनी सुरू केला व तो पुढे अनेक देशांत पसरला. व्यक्तीजवळ जाऊन धोक्याचा अंदाज घेणे, दोष न देता ऐकणे, धीर व माहिती देणे, तज्ज्ञांकडे जाण्यास प्रवृत्त करणे आणि कुटुंब-मित्रांचा आधार जोडून देणे, हा त्याचा गाभा आहे. यात रोगनिदान नाही, औषधयोजना नाही, मानसोपचारही नाही. दोन दिवसांत ‘समुपदेशक’ बनविण्याचे आश्वासन देणारे पत्रक म्हणूनच प्रथमदर्शनी बाजूस ठेवावे.

प्रशिक्षणाचे तीन प्रकार

एकाच नावाखाली तीन भिन्न गोष्टी शिकविल्या जातात, त्यामुळे निवडीत गोंधळ होतो.

पहिला प्रकार वर सांगितलेला. विषाद, चिंताविकार, उन्माद, व्यसन आणि आत्महत्येचे विचार अशा सर्व अवस्थांची ओळख त्यात असते.

दुसरा प्रकार आपत्कालीन मानसिक प्रथमोपचाराचा. जागतिक आरोग्य संघटनेने वॉर ट्रॉमा फाउंडेशन व वर्ल्ड व्हिजन या संस्थांसह 2011 मध्ये त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पाहा, ऐका, जोडून द्या, ही त्यातील त्रिसूत्री. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरासारख्या प्रसंगी हे कौशल्य उपयोगी पडते.

तिसरा प्रकार केवळ आत्महत्या-प्रतिबंधाचा. धोका ओळखणे, थेट विचारणे, मन वळविणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे इतकाच त्याचा आवाका. हा थोड्या वेळात शिकता येतो.

माझे मत असे की, दैनंदिन चिकित्सा करणाऱ्या वैद्याने पहिला प्रकार निवडावा व त्यात तिसऱ्याचा भाग प्रत्यक्ष सरावासह आहे याची खात्री करून घ्यावी. दुसरा प्रकार नदीकाठच्या गावांत काम करणाऱ्यांनी पुढे अवश्य घ्यावा.

पुरावा काय सांगतो?

येथे प्रांजळपणा आवश्यक आहे. प्रशिक्षणाने शिकणाऱ्याचे ज्ञान व आत्मविश्वास वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. परंतु ज्यांना मदत केली त्यांच्या मनःस्वास्थ्यात किती फरक पडतो, याविषयी ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे 2023 च्या कॉक्रेन समीक्षेने नोंदविले आहे. तेव्हा केवळ प्रशिक्षण पुरेसे नाही, त्यापुढे उपचाराची वाट खुली असावी लागते. याचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात 30 गावांत ग्रामपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभारण्यात आली. विषादग्रस्तांपैकी उपचारासाठी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार विविध मानसिक विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. ही दरी पाहता साखळीतील पहिली कडी होण्याची संधी खेड्यातील वैद्याला निश्चितच आहे.

निवडीचे निकष

1. शिकविणारा कोण? प्रशिक्षक मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेला असावा. त्याने ग्रामीण रुग्ण पाहिले आहेत का, हेही निःसंकोच विचारावे.

2. सराव किती? माझे पहिले प्रशिक्षण दोन तासांचे होते. पडद्यावर चित्रे दाखविली गेली, शेवटी प्रमाणपत्रे वाटली गेली. एकाही व्यक्तीला तोंड उघडावे लागले नाही. दुसऱ्यात प्रत्येकाने आळीपाळीने रुग्ण व वैद्य होऊन संवाद केला. “जीव देण्याचा विचार मनात येतो का?” हा प्रश्न पहिल्यांदा उच्चारताना माझा आवाज कापला होता. तो कंप वर्गात संपावा, रुग्णासमोर नव्हे. असे विचारल्याने आत्महत्येचा धोका वाढत नाही, हे अभ्यासांनी दाखविले आहे. तरी जिभेवरचा संकोच केवळ सरावानेच जातो.

3. भाषा कोणती? आपल्याकडे ‘डिप्रेशन’ घेऊन कोणी येत नाही. जीव घाबरणे, मन न लागणे, डोके भणभणणे, अंगात वारे येणे अशा तक्रारी येतात. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी बोलणाऱ्या रुग्णाचे शब्द समजून घेण्याचा सराव नसेल, तर पाठ केलेल्या पायऱ्या निष्फळ ठरतात. रोवणीचे कर्ज, धानाचे थकलेले चुकारे, मुलीचे लग्न, दारू यांवर आधारित प्रसंग सरावात आहेत का, हे पाहावे. भुमका किंवा पुजाऱ्याकडे जाऊन आलेल्या कुटुंबाचा उपहास न करता त्याच्याशी कसे बोलावे, हेही शिकविले जावे.

4. काय करू नये, हे शिकवितात का? दुर्घटनेनंतर प्रत्येकाला घडलेले सर्व एकाच बैठकीत सांगावयास लावण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. ज्या वर्गात ती आजही शिकविली जाते तो वर्ग टाळावा.

5. कायदा अद्ययावत आहे का? मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे दायित्व शासनावर टाकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम 309 राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा मानला आहे. जुन्या कलमाचा धाक घालणारी टिपणे वाटली जात असतील, तर इतर माहितीही शिळी असण्याचा संभव आहे.

6. पुढे कोठे पाठवावे? प्रशिक्षण संपताना प्रत्येकाच्या हाती आपल्या तालुक्याचा संदर्भतक्ता असावा : टेलिमानस ही 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली विनामूल्य दूरध्वनी सेवा (14416), जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण सेवेचे वार व स्थळ, गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि तातडीसाठी 108. नागपूर आपल्यापासून सुमारे 130 किलोमीटर आहे. सालेकसा किंवा देवरीच्या रुग्णाला गाडी कोणती, सोबत कोण जाईल, खर्च कोण करील, इथपर्यंत विचार केल्याशिवाय ‘तज्ज्ञांकडे जा’ हे वाक्य पोकळ राहते.

7. पुनरावृत्ती आहे का? सहा महिन्यांनी उजळणी आणि अडचणीच्या वेळी विचारण्यासाठी एक तज्ज्ञ, या दोन गोष्टी प्रमाणपत्राच्या कागदापेक्षा अधिक मोलाच्या आहेत.

आपल्या शास्त्राचे स्थान

चरकाचार्यांनी त्रिविध चिकित्सेत सत्त्वावजयास स्थान दिले आहे. उन्मादचिकित्सेत सुहृदाने हितकर वचनांनी रुग्णाला धीर द्यावा, असा उपदेशही आहे. म्हणून प्रथमोपचाराचे तत्त्व आपल्याला परके नाही. पण त्याच प्रकरणात रुग्णास भय दाखविण्याचे व बांधून ठेवण्याचेही उपाय वर्णिले आहेत. ते आज वर्ज्य मानले पाहिजेत. मानसिक रुग्णास साखळदंडाने बांधणे 2017 च्या कायद्याने कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. ग्रंथाचा आदर आणि कालानुरूप विवेक यांत विरोध नाही.

याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. आपणा पदवीधरांचा समावेश त्या व्याख्येत नाही, ही मर्यादा ओळखून राहावे.

वैद्यांसाठी होणाऱ्या वर्गात आणखी एका सत्राचा आग्रह धरावा, तो म्हणजे आपल्या औषधांविषयी. निद्रानाशात सर्रास दिल्या जाणाऱ्या सर्पगंधेतील रेसर्पिन या द्रव्याने विषाद वाढू शकतो. विषादाचा इतिहास असलेल्यास ते देऊ नये. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील जल व लवण कमी झाल्यास औषधाची रक्तातील पातळी धोकादायक वाढते. अशा रुग्णास वमन-विरेचन देण्यापूर्वी त्याच्या मनोविकारतज्ज्ञाशी बोलणे अनिवार्य समजावे. मनोविकाराची चालू औषधे आपल्या सल्ल्याने अचानक बंद होता कामा नयेत.

समारोप

सभासदांना विनंती अशी की, प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी वरील सात प्रश्न आयोजकांना लेखी विचारावेत. समाधानकारक उत्तरे मिळाल्यास तालुक्यातील आठ-दहा वैद्यांनी एकत्रच प्रशिक्षण घ्यावे, म्हणजे नंतर एकमेकांचा सल्ला घेता येतो. संदर्भतक्ता मात्र प्रशिक्षणाची वाट न पाहता याच आठवड्यात तयार करून मेजाच्या काचेखाली ठेवावा.

ते शेतकरी आजही माझ्याकडे येतात. मनोविकारतज्ज्ञांचे उपचार पूर्ण झाले आहेत, फवारणीची औषधे आता घराबाहेर कुलपात असतात आणि किल्ली मुलाकडे असते. मी अजूनही त्यांची नाडी पाहते, अग्नी विचारते. त्याआधी “मन कसं आहे, भाऊ?” असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबते. कधी ते उत्तर लवकर येते, कधी बाहेर रांग वाढते. एवढा वेळ देणे आपल्याला परवडले पाहिजे.