हाडांतलं कॅल्शियम आणि न्यूट्रॉनची धास्ती

तोंडवली-तळाशीलच्या पट्टीवर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. पेडवे काट्यासकट चावून खाणाऱ्या या भागात कॅल्शियमचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. ते हाडांत किती शिल्लक आहे हे कसं कळतं, याबद्दल मात्र भलत्याच समजुती आहेत. त्यात ‘न्यूट्रॉन’ शब्द निघाला की जैतापूरचा अणुप्रकल्प आठवतो आणि बोलणंच खुंटतं.

‘रक्तात कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं ठणठणीत.’ ही सगळ्यांत पक्की समजूत, आणि चुकीची. शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं 99 टक्के हाडांत नि दातांत. रक्तातलं प्रमाण शरीर काटेकोर सांभाळतं. कमी पडलं तर हाडांतून उचलतं. त्यामुळे हाडं पोकळ होत असतानाही रिपोर्ट छान येऊ शकतो.

मग जिवंत माणसातलं ते किलोभर कॅल्शियम मोजायचं कसं? 1964 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी यावर अचाट वाटावी अशी युक्ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली: माणसावर थोडे न्यूट्रॉन सोडायचे. पुढे अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत स्टँटन कोहन यांनी ती नावारूपाला आणली. निसर्गातल्या कॅल्शियममध्ये ‘कॅल्शियम-48’ जेमतेम 0.19 टक्के असतं, म्हणजे आपल्या अख्ख्या देहात दोन-सव्वादोन ग्रॅम. त्यातल्या काही अणूंनी न्यूट्रॉन गिळला की कॅल्शियम-49 तयार होतं आणि ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडू लागतं. त्याचं अर्धायुष्य 8.7 मिनिटं. त्यामुळे माणसाला न्यूट्रॉनखालून उठवून लगबगीने मोजणीयंत्रात न्यावं लागतं. गप्पा मारत बसलात तर मोजायचं तेच ओसरतं. सोडियम, क्लोरीन, फॉस्फरस यांचीही अशीच, ज्याच्या-त्याच्या ऊर्जेवरून ओळख पटते.

‘म्हणजे माणूस कायमचा किरणोत्सारी झाला!’ नाही. दीड तासात कॅल्शियम-49 हजारातला एक भाग उरतं. सोडियम-24 अधिक रेंगाळतं, त्याचं अर्धायुष्य 15 तासांचं. पण आठवड्याभरात तेही जवळपास संपतं. आणि किरणोत्सार अंगात नव्याने शिरतो असंही नाही. पोटॅशियम-40 मुळे प्रौढ माणसाच्या देहात दर सेकंदाला चारेक हजार अणू फुटतच असतात, न्यूट्रॉन न सोडता. तेवढ्यावरूनच शरीरातलं एकूण पोटॅशियम मोजता येतं. तरीही न्यूट्रॉनची मात्रा शून्य नसते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून ही तपासणी हौसेने करायची नव्हे.

मुळात ती करायची म्हटली तरी गावच्या शिबिरात मिळणार नाही. तिथे टाच यंत्रात ठेवून जे करतात ते बहुधा अल्ट्रासाउंड. ध्वनी हाडातून किती वेगाने जातो, किती क्षीण होतो यावरून केलेला तो अंदाज. कॅल्शियमचे ग्रॅम ते यंत्र मोजत नाही. ‘डेक्सा’ वेगळं: दोन ऊर्जांचे क्ष-किरण, आणि उत्तर दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज असं. मात्रा अगदी कमी, आणि कंबर, मणका वेगवेगळे दिसतात. संपूर्ण शरीराच्या न्यूट्रॉन-मोजणीत फक्त बेरीज मिळते. धमनीत साचलेलं कॅल्शियमही त्याच बेरजेत. डेक्सापुढे ही पद्धत रोजच्या वैद्यकात मागे पडली, आणि योग्यच झालं.

महाराष्ट्रात न्यूट्रॉन म्हटलं की तुर्भे. तिथली ‘अप्सरा’ अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झाली. भाभा अणुसंशोधन केंद्रात संपूर्ण शरीर मोजणारी यंत्रंही आहेत, पण ती कर्मचाऱ्यांच्या अंगात किरणोत्सारी पदार्थ गेलाय का ते पाहायला. तिथे माती, केस अशा नमुन्यांवर न्यूट्रॉन सोडून त्यांतली मूलद्रव्यं ओळखतात. त्या नमुन्यांचं ऐकून कुणी ‘माणसांवर प्रयोग’ म्हणत असेल तर ती गफलत.

पद्धत मेलेली मात्र नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात आजच्या घडीला तिचा कल हाताच्या हाडांकडे आहे: वेल्डिंगच्या धुरातून वर्षानुवर्षं साठत गेलेलं मँगनीज किती, हे रक्त सांगत नाही, हाड सांगतं. आणि 1999 साली जपानमधल्या टोकाइमुरा अणुदुर्घटनेत कामगारांना न्यूट्रॉनची किती मात्रा बसली, हे त्यांच्या रक्तातल्या सोडियम-24 वरूनच काढलं गेलं.