‘मराठी’ बटन दाबलं तरी तारीख उलटीच? ०८/०७ म्हणजे ८ जुलै की ७ ऑगस्ट, असं ओळखा

मोबाईलवर एखाद्या योजनेची वेबसाइट उघडून ‘मराठी’ बटन दाबलं की वरचा मेनू मराठी होतो. खाली मात्र अर्धा मजकूर इंग्रजीच राहतो, आणि शेवटची तारीख दिसते ०८/०७/२०२६. आता ही ८ जुलै की ७ ऑगस्ट? अर्जाची मुदत असेल तर एवढ्यात महिना जातो.

वेबसाइट बनवणारे सगळं मुळापासून लिहीत नाहीत. तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. ‘जँगो’ हा त्यातला एक नावाजलेला. तो अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरात, एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाला आणि २००५ मध्ये सगळ्यांना मोफत खुला झाला. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. त्यामुळे आपल्या भाषेची मांडणी कोणी भरून दिली नाही, तर आकड्यातली तारीख तिकडच्या पद्धतीने येते. आत साठवलेली तारीख बरोबरच असते, वर्ष-महिना-दिवस अशी. गोंधळ फक्त दाखवण्यात होतो.

मजकुराचं तसं नाही. पानावरची इंग्रजी वाक्यं एका फाइलमध्ये जमा होतात आणि प्रत्येकाखाली मराठी वाक्य माणसाने भरायचं असतं. जागा रिकामी राहिली की इंग्रजीच दिसतं. बटन म्हणजे काही दुभाषा नव्हे! त्यातही वाक्याचे तुकडे करून भाषांतर केलं तर ‘अर्ज करा पूर्वी १५ ऑगस्ट’ असलं काहीतरी तयार होतं, कारण मराठीत ‘पूर्वी’ तारखेच्या मागून येतं. ‘मे’ हा शब्द तर इंग्रजीत महिनाही आहे आणि ‘कदाचित’ अशा अर्थानेही येतो. म्हणून जँगोमध्ये अशा शब्दासोबत ‘हे महिन्याचं नाव’ अशी खूण करता येते. घाईत ती राहून जाते.

ब्राउझर स्वतःहून जे भाषांतर करतो ते आणखी वेगळं, तो तयार पान वाचून अंदाज बांधतो. मुदत बघताना ते बंद करून मूळ पान बघावं.

तारीख ओळखायची कशी? त्याच पानावर १२ च्या पुढचा आकडा असलेली दुसरी तारीख शोधा. ०८/२५ असं दिसलं तर महिना आधी आहे, २५/०८ दिसलं तर दिवस आधी. दोन्ही आकडे १२ च्या आतले आणि वेगवेगळे असतील तरच घोळ होतो. वर्षात अशा १३२ तारखा येतात. दुसरी तारीख सापडली नाही तर भाषा इंग्रजी करून बघा, तिथे बऱ्याचदा महिना अक्षरात असतो. तरीही शंका राहिली तर दोन्हीपैकी आधीची तारीख मुदत धरून अर्ज भरून टाका आणि योजनेचं मूळ पत्रक कृषी सहायकाकडून बघून घ्या.

फॉर्ममध्ये जन्मतारीख भरतानाही हेच. रकान्यात फिकट इंग्रजी अक्षरं असतात, त्यात ‘डीडी’ म्हणजे दिवस आणि ‘एमएम’ म्हणजे महिना.