चोराच्या मनांतलें चांदणें

रहस्यकथा म्हणजे रिकामपणचा उद्योग, असा समज अनेक घरांतून आढळतो. मुलाच्या हातीं असें पुस्तक दिसलें कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. सर्वच रहस्यकथा वाचनीय असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दडपणाखालीं माणसाचें मन कसें खचतें, हें उत्तम रहस्यकथा जसें दाखविते तसें पुष्कळ उपदेशपर ग्रंथांनाहि साधत नाहीं. आणि हें ती मुख्यतः अलंकाराच्या बळावर साधते.

आपल्या साहित्यशास्त्रांत उपमा आणि भ्रांतिमान् असे दोन अलंकार आहेत. 'ही वस्तु तिच्यासारखी आहे' असें म्हणणारा दोन्ही वस्तु वेगळ्या ओळखतो. ही उपमा होय. साम्यामुळें एक वस्तु दुसरीच मानली गेली, कीं भ्रांतिमान् झाला. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशां'तील मांजर खापरांत पडलेल्या चंद्रकिरणांस दूध समजून चाटतें, तें याचेंच उदाहरण. शास्त्रकारांनीं रम्यतेसाठीं सांगितलेली ही भ्रांति रहस्यकथाकार भयासाठीं योजितो.

एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची 'दि टेल-टेल हार्ट' ही १८४३ सालीं प्रसिद्ध झालेली लघुकथा पाहावी. आपण वेडे नाहीं असें पुनःपुन्हा बजावीत तिचा निवेदक स्वतः केलेल्या एका वृद्धाच्या खुनाची हकीकत सांगतो. त्या रात्रीं वृद्धाच्या काळजाची धडधड त्यास कापसांत गुंडाळलेल्या घड्याळाच्या आवाजासारखी ऐकूं येते. प्रेत जमिनीच्या फळ्यांखालीं दडविल्यावर तीन पोलीस अधिकारी येतात. हा त्याच जागीं खुर्ची मांडून निर्धास्तपणें बोलत बसतो. इतक्यांत पुन्हा तोच आवाज, पुन्हा तीच घड्याळाची उपमा! पण आवाज वाढत जातो आणि 'सारखा' हा शब्द गळून पडतो. मेलेल्याचेंच काळीज वाजत आहे, आणि अधिकारी तें ऐकूनहि आपली थट्टा करीत आहेत, अशी खात्री होऊन तो गुन्हा कबूल करतो. तो आवाज त्याच्या स्वतःच्याच काळजाचा असावा, असें अनेक वाचक मानतात.

डोस्टोव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) या रशियन कादंबरींत उपमा येते ती तपास करणाऱ्या पोर्फिरीच्या तोंडीं. गुन्हेगारास मोकळा सोडावा, दिव्याभोंवतीं घिरट्या घालणाऱ्या पतंगासारखा तो आपण होऊनच जवळ येतो, असें तो रास्कोल्निकोव्हला हसत हसत सांगतो. पतंग कोण, हें ऐकणाऱ्यास निराळें सांगावें लागत नाहीं. येथें उपमा दडपणाचें केवळ वर्णन करीत नाहीं; तीच दडपण आणते, आणि थोड्याच वेळांत रास्कोल्निकोव्हचा संयम सुटतो.

घड्याळ आणि दिवा या दोन्ही वस्तु घरांतल्याच. 'पायाखालची वाळू सरकली', 'काळजाचें पाणी झालें' हे वाक्प्रचार वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत कीं वाचकाची दृष्टि त्यांवर ठरत नाहीं. परंतु 'चोराच्या मनांत चांदणें' ही आपली म्हण मात्र अजून धारदार आहे. बाहेर काळोख असला तरी चोरास उजेडाचें भय सुटत नाहीं. कारण तो उजेड त्याच्या आंत पडलेला असतो. पोनें एका घड्याळाच्या आधारें हेंच सांगितलें.

म्हणून मुलाच्या हातून असें पुस्तक काढून घेण्यापूर्वीं वडिलांनीं त्यास एकच प्रश्न विचारावा: 'त्या माणसाचा धीर कोणत्या वाक्यापाशीं सुटला?' त्यास तें वाक्य दाखवितां आलें, तर त्याचा वेळ फुकट गेला नाहीं असें खुशाल समजावें.