आडव्या मार्गदर्शक पट्टीचा पुनर्वापर : महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर वरच्या बाजूस ‘मुख्यपृष्ठ’, ‘विभाग’, ‘प्रवेश’, ‘ग्रंथालय’, ‘परीक्षा’, ‘संपर्क’ अशा शब्दांची एक आडवी पट्टी असते. संगणकाच्या परिभाषेत तिला नॅव्हिगेशन बार म्हणतात. येथे तिला मार्गदर्शक पट्टी म्हटले आहे. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड किंवा त्याच्या आसपासच्या खेड्यातील विद्यार्थ्याला केवळ प्रवेशाची मुदत विचारण्यासाठी महाविद्यालयात खेप घालावी लागू नये, ही संकेतस्थळाच्या उपयुक्ततेची साधी कसोटी होय. पट्टीतील दुवा चुकला, तर आतील माहिती असूनही ती त्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते. ही पट्टी एकदाच घडवून सर्वत्र कशी वापरावी आणि मराठीसाठी कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पुनर्वापराची संकल्पना

इतर उद्योगांतील तयार सुट्या भागांप्रमाणे आज्ञावलीचेही तयार घटक उपलब्ध असावेत, हा विचार डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत मांडला. पुढे १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी, जो निर्णय बदलण्याचा संभव आहे तो एकाच घटकाच्या आत झाकून ठेवावा, असे तत्त्व सांगितले. मार्गदर्शक पट्टीला ही दोन्ही तत्त्वे तंतोतंत लागू पडतात.

समजा, संकेतस्थळाची चाळीस पृष्ठे आहेत आणि प्रत्येकात पट्टीची स्वतंत्र नक्कल केली आहे. ‘प्रवेश’ या दुव्याचा पत्ता बदलल्यास चाळीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. त्यांपैकी एक जरी पृष्ठ राहून गेले, तरी तेथून जाणारा विद्यार्थी गतवर्षीच्या सूचनेवर पोहोचेल. यावर उपाय म्हणजे पट्टीचे दोन भाग करणे. पहिला भाग म्हणजे नावे व पत्ते यांची यादी. दुसरा म्हणजे ती यादी पडद्यावर मांडणारी रचना. यादी बदलली तरी रचनेला हात लावावा लागत नाही आणि रचना सुधारली की ती सुधारणा सर्व पृष्ठांवर आपोआप दिसते.

याचे जवळचे उदाहरण गोंदिया जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे देता येईल. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सेवेवर उभारलेले आहे. देशातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे याच सेवेतून तयार झाली आहेत. तेथे साचा सामाईक असतो; मजकूर मात्र ज्या त्या जिल्ह्याचा असतो.

घटकाची रचना

पट्टी म्हणजे मूलतः दुव्यांची यादी होय. म्हणून एचटीएमएलमध्ये ती यादी म्हणूनच लिहावी आणि तिला आडवे रूप देण्याचे काम सीएसएसकडे सोपवावे. ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत शिफारस ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये अशा भागासाठी ‘नॅव्ह’ ही स्वतंत्र खूण आहे. तिच्यामुळे पडदावाचक आज्ञावलीला हा भाग मार्गदर्शनाचा आहे हे कळते. वाचक सध्या कोणत्या पृष्ठावर आहे, हे केवळ रंगाने न दाखवता ‘एरिया-करंट’ या गुणधर्मानेही नोंदवावे.

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आडवी पट्टी मावत नाही. अशा वेळी शब्द दुसऱ्या ओळीत उतरू द्यावेत किंवा सर्व यादी एका बटणाखाली मिटवावी. त्या बटणावर नुसत्या तीन रेघा न काढता ‘मेनू’ हा शब्द लिहिणे अधिक हितावह होय. माउस वर नेल्यावरच उघडणारी उपयादी स्पर्शपडद्यावर आणि कळफलकावर अडचणीची ठरते. म्हणून ती स्वतंत्र बटणाने उघडावी.

मराठीसाठी दक्षता

इंग्रजीसाठी बेतलेली पट्टी मराठीत जशीच्या तशी वापरल्यास चार दोष संभवतात. पहिला, प्रत्येक शब्दासाठी ठरावीक रुंदी दिल्यास ‘विद्यार्थी कल्याण विभाग’ यासारखे नाव तुटते. म्हणून रुंदी शब्दावर सोपवावी. दुसरा, ओळीची उंची कमी ठेवल्यास वरचे रफार व वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. तिसरा, अक्षरांमध्ये कृत्रिम अंतर सोडल्यास शिरोरेषा तुटते. चौथा, पृष्ठाची भाषा मराठी असल्याची नोंद न केल्यास पडदावाचक मजकुराचा उच्चार चुकीचा करू शकतो. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फॉन्टच्या संकेतांत लिहिलेली नावे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात.

सुगम्यता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे सुगम्यता हा केवळ सौजन्याचा विषय राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीनुसार, काही अपवाद वगळता, स्पर्शाचे क्षेत्र किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावे. सर्व पृष्ठांवर दुव्यांचा क्रम एकच असावा, हीदेखील त्या तत्त्वांची अपेक्षा आहे. घटक एकच असल्यास ही अट वेगळ्या प्रयत्नाविना पाळली जाते. पट्टीच्या आधी ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा ठेवल्यास कळफलक वापरणाऱ्यास प्रत्येक पृष्ठावर सर्व दुवे ओलांडावे लागत नाहीत.

समारोप

पुनर्वापराचाही अतिरेक नसावा. प्रत्येक विभागाच्या हौसेसाठी घटकात नवनवे पर्याय घालत गेल्यास तो मूळ समस्येपेक्षा अधिक गुंतागुंतीचा होतो. रचनेची जबाबदारी संगणक विभागाकडे आणि यादीची जबाबदारी कार्यालयाकडे असावी, ही विभागणी व्यवहार्य ठरते. संकेतस्थळ तयार करणारी व्यक्ती महाविद्यालय सोडून गेली, तरी यादी अद्ययावत ठेवणे कार्यालयाला शक्य व्हावे. पुनर्वापराचे खरे प्रयोजन हेच होय.