ओकवनातले वतनदार

कॅलिफोर्नियातील कार्मेल खोऱ्याच्या वरच्या अंगाला, बर्कलेच्या विद्यापीठाने १९३७ पासून संशोधनासाठी राखून ठेवलेले हेस्टिंग्ज नावाचे ओकवन आहे. तेथील सुतार पक्ष्यांचे निरीक्षण १९६८ साली मॅकरॉबर्ट्स दांपत्याने सुरू केले आणि वॉल्टर केनिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे अव्याहत चालवले, म्हणून तेथील दफ्तरात या पक्ष्यांच्या कित्येक पिढ्यांच्या वंशावळी नमूद आहेत.

या कामात पक्षी दिसणे सोपे. तो नेमका कोण, हे ठरवणे कठीण. प्रत्येकाच्या पायांत रंगीत कड्यांचा निराळा मेळ असतो, आणि तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून, पक्षी बुंध्याआड सरकण्यापूर्वी, ते रंग क्रमाने वाचून वहीत उतरवावे लागतात. नर-मादीचा भेद मात्र डोक्यावरच लिहिलेला असतो: नराचा लाल माथा पांढऱ्या कपाळाला थेट भिडतो, तर मादीच्या बाबतीत मध्ये काळा पट्टा येतो.

परंतु माझी नजर पुन्हा पुन्हा खिळते ती कोठारावर. जाड सालीत किंवा वाळक्या फांदीत एकेक भोक कोरून त्यात ओकचे एकेक फळ ठोकून बसवलेले असे झाड हजारो भोकांचे असते, क्वचित ५०,००० पर्यंतही. अर्थात ही एका जन्माची कमाई नव्हे. फळ वाळले की आकसते आणि सैल झालेले फळ चोरांच्या हाती सहज लागते, म्हणून पक्षी ते उपसून अधिक अरुंद भोकात नेऊन घट्ट बसवतो. त्याच्या चोचीच्या बळापेक्षा या दक्षतेबद्दल मला अधिक आदर वाटतो.

आपल्याकडे वतनावर भाऊबंदांचा सामाईक हक्क असे, तसाच येथे कोठारावर असतो. भाऊ-भाऊ एकत्र नांदतात, बहिणी एकाच ढोलीत अंडी घालतात, आणि मोठी झालेली मुले वर्षानुवर्षे घरीच राहून धाकट्यांना भरवतात. यात क्रौर्यही आहे: जिने अद्याप अंडे घातलेले नाही ती बहिणीचे अंडे ढोलीतून बाहेर नेते, आणि ते खाणाऱ्यांत कधी त्या अंड्याची आईही असते, तरी या बहिणींविषयी घाईने निवाडा करू नये, कारण दोघी एकाच वेळी अंडी घालू लागल्या की हा प्रकार थांबतो आणि पुढे त्याच पिले मिळून वाढवतात.

कोठाराच्या धन्यांपैकी सर्व नर किंवा सर्व माद्या नाहीशा झाल्या, की रिकाम्या जागेवर हक्क सांगण्यास शेजारच्या घराण्यांतून भावांच्या वा बहिणींच्या टोळ्या चालून येतात, आणि झुंज दिवसाचे दहा-दहा तास, अनेक दिवस चालते. झुंजणारे डोळ्यांना दिसत. भोवती जमलेले इतर पक्षी कोठून आले, हे मात्र नुसत्या दुर्बिणीने उमगणे शक्य नव्हते. साहस बर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या पाठीवर चिमुकली प्रक्षेपक यंत्रे बसवून २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की जिंकण्याची काही आशा नसलेले पक्षीही आपले कोठार मागे सोडून, ३ किलोमीटरपर्यंतचे अंतर तोडून, केवळ ही लढाई पाहण्यास रोज येतात. शेजारच्या घराण्यांत कोण प्रबळ आहे आणि कोण खचले आहे याची खबर त्यांना तेथे मिळत असावी, असा त्या संशोधकांचा तर्क आहे.